आप्त कोणास म्हणावे?

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० हा दिवस आम्हा कळवेकरांच्या स्मरणात दोन कारणांनी राहिला आहे. पहिले कारण सर्वश्रुत आहे. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई या साऱ्या मुलखाची वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या, कचेऱ्यांतील यंत्रे थबकली, आणि त्या अंधाराचे मूळ शोधता शोधता चर्चा आमच्याच गावापाशी येऊन थांबली. कळवा-पडघे या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या व कळव्याचे वीज-उपकेंद्र ही नावे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकली. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या गावास एवढी कीर्ती पूर्वी कधी लाभली नव्हती. दुसरे कारण मात्र केवळ आमच्या घरापुरते आहे, आणि तेच सांगण्यासाठी आज ही लेखणी हाती घेतली आहे.

आमचे वडील बंधू, ज्यांना आम्ही सर्वजण दादा म्हणतो, ते करोनाच्या आजारातून नुकतेच घरी आले होते. फुप्फुसे अद्याप दुबळी होती, म्हणून हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारे एक यंत्र भाड्याने आणून त्यांच्या खाटेशी ठेविले होते. ते यंत्र विजेवर चालणारे. वीज गेली तसा त्याचा घरघराट बंद पडला, आणि घरात जी शांतता पसरली ती आजही मला आठवते. वहिनी पंख्याने वारा घालू लागल्या. चिरंजीवांनी फोन उचलला. कधी रेघ लागे, कधी मध्येच तुटे, बहुधा लागतच नसे. जिथून यंत्र आणले होते तेथे संपर्क होईना, डॉक्टरांकडेही होईना. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप मंडळात पासष्ट नातलग आहेत. पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेल्या त्या पासष्ट जणांना आमचा निरोप त्या तासाभरात पोहोचला नाही. आणि पोहोचला असता तरी न्यू जर्सीहून कोण काय धाडणार होते?

शेवटी दादांचा नातू तीन जिने उतरून खाली धावला. इमारतीच्या फाटकाशी आमच्या दूधवाल्यांचे दुकान आहे. हे खारेगावचे आगरी गृहस्थ वीस वर्षे आम्हांस दूध घालीत आहेत. त्यांनी सारे ऐकून घेतले, दुकान मुलाच्या स्वाधीन केले, आणि सायकलवरून कळवा नाक्याकडे गेले. तेथे रुग्णवाहिका लावणारा मुंब्र्याचा एक मुसलमान तरुण त्यांच्या ओळखीचा होता. पाऊण तासाच्या आत तो तरुण प्राणवायूचे नळकांडे खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आमच्या दारात उभा राहिला. त्याने आमचे नाव विचारले नाही, अनामत मागितली नाही, फक्त म्हणाला, "दूधवाल्या भाऊंनी सांगितलं." आमच्याकडे वीज परत आली तेव्हा दुपार उलटून गेली होती. दादा त्या दिवशी वाचले ते एका दूधवाल्याच्या शब्दावर.

घडलेल्या गोष्टीचा विचार करू लागलो तेव्हा त्यातील एक साम्य माझ्या ध्यानी आले. वीज गेली तिचे कारण असे की, अनेक शहरांचा भार थोड्या वाहिन्यांवर होता. काही वाहिन्या आधीच बंद होत्या. उरलेल्यांपैकी एक पडताच तिचा भार दुसरीवर गेला, दुसरी पडताच तिसरीवर, आणि मुंबईस संकटसमयी अलग करून तगविण्याची जी योजना होती तीही त्या दिवशी चालली नाही. आमचा निरोपही तसाच अडला. शेजारच्या इमारतीतील माणसास पाठविलेला संदेश सरळ शेजारी जात नाही. तो प्रथम मनोऱ्याकडे, तेथून दूर कोठल्यातरी कंपनीच्या मोठ्या संगणकाकडे, आणि मग परत फिरून शेजारी येतो. मधला दुवा तुटला की हाकेच्या अंतरावरील माणूसही परदेशी होतो. तो मजकूर बंद लखोट्यात असतो, कंपनीस तो वाचता येत नाही, हे खरे. परंतु लखोटा कोणी, कोणास व केव्हा धाडला हे टपालकचेरीस नेहमीच ठाऊक असते.

हा विचार मी दादांच्या नातवापाशी बोललो. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी, म्हणाला, "भाऊआजोबा, तुम्ही म्हणता ते लोकांनी पूर्वीच करून ठेवलंय." मग त्याने जे समजावून दिले ते माझ्या शब्दांत सांगतो. संगणकांची मांडणी दोन प्रकारची असते. एका प्रकारात मध्ये एक धनी व भोवती अनेक आश्रित. दुसऱ्यात धनी कोणी नाही, सर्व समान, आणि देवघेव परस्परांत. १९९९ साली निघालेले नॅपस्टर व पुढच्या वर्षीचे नुटेला हे या दुसऱ्या वाटेचे आरंभीचे प्रयोग. पैकी नॅपस्टरने गाण्यांची यादी मात्र मध्यवर्ती ठेविली होती, म्हणून न्यायालयाच्या हुकमाने २००१ साली ते बंद करणे सोपे गेले. परंतु या समानांच्या मेळ्यातही एक दोष राहिलाच. तेथे कोणीही अनोळखी येऊन तुमच्या यंत्राशी हात मिळवू शकतो, आणि त्याबरोबर तुमचा ठावठिकाणाही पाहू शकतो.

त्यावर तोड म्हणून तिसरी रीत निघाली. तिच्यात माझे यंत्र फक्त माझ्या ओळखीच्या माणसांच्या यंत्रांशी बोलते. त्यांची यंत्रे त्यांच्या ओळखीच्यांशी. निरोप हातोहात पुढे जातो, पण सर्व साखळी कोणा एकास दिसत नाही. मला माझे चार शेजारी ठाऊक, त्यांचे शेजारी मला ठाऊक नसले तरी चालते. डॅन ब्रिकलिन या अमेरिकन गृहस्थांनी २००० साली या रीतीस मित्र-ते-मित्र अशा अर्थाचे नाव दिले. त्याच वर्षी इयन क्लार्क यांचे फ्रीनेट लोकांपुढे आले, आणि २००८ च्या त्याच्या नव्या आवृत्तीत केवळ परिचितांशीच जोडून घेण्याची सोय झाली. २००३ मध्ये जस्टिन फ्रँकेल यांनी थोडक्या मंडळींच्या वर्तुळासाठी असेच एक साधन तयार केले. ते त्यांच्याच मालक कंपनीने थोड्याच दिवसांत मागे घेतले, तरी त्याच्या प्रती जगभर पसरल्या.

ऐकता ऐकता मला वाटले की, ही कल्पना आपणांस इतकी नवी खासच नाही. आपल्या पेढ्यांचा हुंडीचा व्यवहार आठवून पाहावा. दर्शनी, मुदती, धनीजोग असे हुंडीचे अनेक प्रकार असत. त्यांतील शहाजोग हुंडी मोठी विचार करण्याजोगी आहे. तिचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शहाने, म्हणजे प्रतिष्ठित सावकाराने, ती पुढे केली तरच पैसे मिळत. हुंडी घेऊन आलेला वाटसरू पेढीस अपरिचित असे. पण शहा परिचित असे, आणि शहास वाटसरूची खात्री असे. पुढे ती हुंडी चोरीची वा खोटी निघालीच, तर पैसे भरून देण्याची जबाबदारी त्या शहावर येई. याचा अर्थ असा की, ओळख देणे हा शिष्टाचार नव्हता, ते कर्ज होते. आज मराठीत शहाजोग हा शब्द आपण कोणास लावितो? सभ्यपणाचा आव आणणाऱ्यास! पत गेली आणि आव उरला, याचा इतिहास त्या एका शब्दात साठविलेला आहे.

त्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या इमारतीतील व शेजारील सात-आठ कुटुंबांनी असे एक वर्तुळ जोडण्याचे ठरविले. साधन निवडले ते ब्रायर नावाचे. ते फुकट मिळे. इंटरनेट असेल तर टॉर नावाच्या आडवाटेने, आणि नसेल तर जवळच्या जवळ ब्लूटूथ वा वायफायने निरोप नेई. नव्या माणसास जोडण्याची मुख्य रीत अशी की, दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांच्या पडद्यावरील चौकडीचे चित्र आपापल्या यंत्रास दाखवावयाचे. दोन परिचितांची परस्परांशी ओळख करून देण्याचीही सोय त्यात होती. ही प्रत्यक्ष भेटीची अट मला फार आवडली.

परंतु वर्तुळात कोणास घ्यावे, यावर आमच्या माजघरात दोन संध्याकाळी वाद झाला. मी म्हणालो, दूधवाले व तो रुग्णवाहिकेचा चालक यांस प्रथम घ्यावे. घरातील एक-दोन वडील मंडळी कुरकुरली. उपकार मान्य, बक्षीसही द्यावे, पण घरच्या गोष्टी ज्या फळ्यावर लिहावयाच्या तेथे परके कशास? आपले आप्त तेवढे पुरेत. तेव्हा दादांनी अंथरुणावरूनच मला विचारले, "अरे, तू आयुष्यभर शास्त्र शिकवलंस ना? मग सांग, आप्त म्हणजे कोण?"

प्रश्न वर्मी लागणारा होता. व्यवहारात आपण आप्त म्हणजे नातलग समजतो. परंतु न्यायशास्त्रात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे शब्द हे ज्ञानाचे एक प्रमाण मानले आहे, पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आणि आप्त कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे, आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. गौतमाच्या सूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनाने तर पुढे जाऊन म्हटले आहे की, हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांसही सारखेच लागू पडते. त्यात गोत्राचा उल्लेख नाही, रक्ताचाही नाही. पासष्ट नातलगांच्या मंडळात पहाटेपासून जे निरोप फिरतात, त्यांतील किती पाठविणाऱ्याने स्वतः पडताळलेले असतात, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. दूधवाल्या भाऊंनी जे सांगितले ते जाणून सांगितले, आणि त्या तरुणाने ते मानले. शास्त्राच्या कसोटीने त्या दिवशी आमचे आप्त तेच होते. वाद तेथेच मिटला.

हे वर्तुळ चालले कसे, तेही सांगतो. ब्लूटूथचा पल्ला सुमारे दहा मीटरचा. म्हणून तिसऱ्या मजल्यावरील निरोप इंटरनेटवाचून फाटकापर्यंत एका दमात जात नसे. खाजगी पत्र तर ज्याचे त्याचे यंत्र जवळ आल्याविना पोहोचतच नसे. परंतु सर्वांच्या फळ्यावरील मजकूर एका सभासदाच्या यंत्रातून दुसऱ्याच्या यंत्रात उतरे, आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाई. आम्ही एके दिवशी इंटरनेट मुद्दाम बंद ठेवून परीक्षा पाहिली. सकाळी दूधवाले भाऊ खिशात फोन ठेवून दारोदार फिरले, आणि साडेसातच्या आत आमच्या घरची सूचना शेवटच्या घरी पोहोचली. त्यांनी काहीच केले नव्हते, फक्त नेहमीप्रमाणे दूध घातले होते. उणिवाही होत्याच. आयफोनवर ते साधन चालत नसे, म्हणून सूनबाई बाहेर राहिल्या. फोनची बॅटरी लवकर उतरे. आणि एकदा मी माझा परवलीचा शब्द विसरलो तेव्हा कळले की, तो परत मिळवून देणारी कचेरीच नाही. मला पुन्हा घरोघर जाऊन प्रत्येकासमोर नव्याने उभे राहावे लागले. तो त्रास मला मनातून गोडच वाटला.

आता या कथेतील जो भाग सांगावासा वाटत नाही, तोही सांगितला पाहिजे. वर्तुळ सुरू होऊन सहा-सात महिने झाले असतील. माझा एक जुना विद्यार्थी एके दिवशी घरी आला, पाया पडला, वर्गातील आठवणी काढल्या. तो कळव्यातच राहावयास आला होता. त्याला वर्तुळाविषयी कळले तेव्हा म्हणाला, "सर, मलाही घ्या ना." पंचवीस वर्षांत मी त्याला पाहिले नव्हते. तो काय करतो, कोणाशी वागतो, यांपैकी मला काहीही ठाऊक नव्हते. परंतु पाया पडलेल्या विद्यार्थ्यास नाही कसे म्हणावे? भिडेखातर मी त्याला घेतले, आणि चारचौघांशी त्याची ओळखही करून दिली. तीन महिन्यांनी कळले की, तो एकेकास गाठून पैसे दुप्पट करण्याच्या कसल्याशा योजनेत रकमा घेत होता. एका निवृत्त शिक्षिकेने, ज्या एकट्याच राहतात, चाळीस हजार रुपये दिले होते. त्यांस कारण विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही ओळख करून दिलीत ना?"

भीड भिकेची बहीण, ही म्हण मी मुलांना कितीदा फळ्यावर लिहून दिली असेल! तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तो मनुष्य पुढे दिसेनासा झाला. बाईंनी मजपाशी एका पैशाचीही मागणी केली नाही. परंतु शहाजोग हुंडीचा नियम मला ठाऊक होता. दहा महिने दर महिन्यास चार हजार रुपये माझ्या निवृत्तिवेतनातून त्यांच्याकडे पोहोचविले. त्यांनी प्रथम नाकारले, मी म्हणालो, "बाई, हे दान नव्हे. मी सही केलेली हुंडी आहे." घरात सर्वांस हे पसंत पडले असे नाही. पण मी मनुष्यास ओळखतो असे म्हणणे, आणि तो मनुष्य विश्वासास पात्र आहे असे म्हणणे, या दोन गोष्टींतील अंतर मला त्याच किमतीत शिकता आले. पुढे वाचनात आले की, फिल झिमरमन यांनी १९९१ साली गुप्त पत्रव्यवहाराचे जे प्रसिद्ध साधन निर्माण केले, त्याच्या विश्वासजाळ्यात हाच भेद पाळला जातो. ही किल्ली अमक्याचीच आहे अशी खात्री देणे वेगळे, आणि त्या अमक्याने दुसऱ्यांविषयी दिलेली ग्वाही मानणे वेगळे.

अशा वर्तुळांस बाहेरून जेवढे भय असते त्याहून अधिक आतून असते. १९४२ च्या ऑगस्टअखेर मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ध्वनिक्षेपण सर्वांसाठी खुले होते. परंतु त्यामागील मंडळ अगदी लहान, एकमेकांच्या विश्वासावर बांधलेले, आणि जागा पुन्हा पुन्हा बदलणारे. सरकारी यंत्रे त्यांचा माग काढीत राहिली. तरी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत पोलीस दारावर आले ते यंत्रांच्या विद्येने नव्हे. आतील माहितगार एक तंत्रज्ञ हाती लागला व त्याने ठिकाण सांगितले म्हणून. बावीस वर्षांच्या उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. भिंत कितीही जाड असो, दाराची किल्ली ज्याच्या हाती दिली त्याच्या मनाएवढीच ती मजबूत असते.

आमच्या वर्तुळाचा शेवट मात्र निराळ्याच रीतीने झाला. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली चौदा संदेशवाहक साधनांवर बंदी घातल्याचे वृत्त आले. जम्मू-काश्मीरमधील दहशतवादी त्यांचा उपयोग करितात, असे कारण देण्यात आले. त्या चौदांत ब्रायर होते. आमच्या घरी पुन्हा वाद झाला. तरुण मंडळी म्हणाली, चोर पडद्याआड लपतो म्हणून सर्वांच्या खिडक्यांचे पडदे काढावयाचे काय? वडील मंडळी म्हणाली, ज्यांच्या घरचा मुलगा सीमेवर मरतो त्यांना हे विचारून पाहा. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, आणि या प्रश्नाचा निकाल आमच्या माजघरात लागण्यासारखा नाही. कायद्याने वागणाऱ्या घराने जे करावयाचे तेच आम्ही केले. साधन फोनमधून काढून टाकिले.

मला वाटले होते की, आता वर्तुळही मोडेल. तसे झाले नाही. नातवाने चाळीस पानी वह्या आणल्या. प्रत्येक घरी एक वही. तिच्यात फक्त चार नावे, ज्यांच्या दारावर रात्री दोन वाजता थाप मारता येईल अशांची. त्या चौघांच्या वह्यांत त्यांची चार नावे. सगळी यादी कोणाजवळही नाही. दूधवाले भाऊ मात्र पुष्कळांच्या वहीत आहेत. आणि सुनेचा आयफोन आता आड येत नाही.

असे वर्तुळ ज्यांस जोडावयाचे असेल त्यांनी तीन गोष्टी पाळाव्या, असे अनुभवाने सांगतो. पहिली, नाव लिहिण्यापूर्वी त्या माणसाच्या घरी जाऊन यावे. जेथे जाणे जमत नाही, तेथे नावही लिहू नये. दुसरी, दुसऱ्याची ओळख करून देताना स्वतःस विचारावे, याच्यामुळे नुकसान झाले तर मी भरून देईन काय? उत्तर येण्यास उशीर लागला तर तेच उत्तर समजावे. तिसरी, वर्षातून एकदा वही पाहावी, आणि ज्यांच्याकडे वर्षभरात पाऊल टाकिले नाही त्यांच्याकडे जाऊन यावे. कारण न वापरलेली ओळख वीज नसलेल्या तारेसारखी असते, दिसावयास ताणलेली, आत काही नाही.

दादा आता सत्त्याहत्तरीच्या पुढे आहेत व प्रकृती बरी आहे. त्यांच्या वहीतील चार नावांपैकी पहिले नाव त्या मुंब्र्याच्या तरुणाचे. गेल्या महिन्यात तो आपल्या धाकट्या बहिणीस घेऊन आला होता. तिला दहावीस संस्कृत घ्यावयाचे आहे, शिकवणी कोण देईल असे विचारीत होता. दादांनी माझ्याकडे बोट दाखविले व म्हणाले, "हा माझा धाकटा भाऊ. ह्याची ग्वाही मी देतो." बुधवार व शनिवार संध्याकाळी ती येते.